विचारा की ओ! : पिवळी छत्री, निळा हॉर्न आणि सासूबाई

गेल्या अंकात या पानाच्या तळाला दोन ओळी टाकल्या होत्या, की कुठल्या विनोदी मालिकेचा शेवट तुम्हाला अजून टोचतो ते कळवा. मला वाटलं चार-पाच पत्रं येतील, त्यात तीन तरी डेली सोपच्या नावानं बोटं मोडणारी असतील आणि पान भरेल. झालं उलटंच. एक पत्र एवढं मोठं आलं की मी ते तीनदा कापायला घेतलं आणि तीनदा ठेवून दिलं, त्यामुळं या वेळी पाककृतीवाल्यांचे प्रश्न पुढच्या अंकात, राग मानू नका.

दादा, नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. इंजिनिअरिंगला पुण्याला होते, होस्टेलला. एका रूममध्ये आम्ही चौघी आणि चौघींत मिळून एक लॅपटॉप, तो पण असा की खाली वही घालून तिरका केला नाही तर गरम होऊन बंद पडायचा. त्यावर आम्ही 'हाऊ आय मेट युअर मदर' बघितली. सगळी. पहिल्या सीझनपासून. एकीच्या भावाच्या हार्डडिस्कमधनं आली होती आणि मग जे वेड लागलं ते लागलंच, मेसची भाजी कशीय यावरसुद्धा आम्ही त्यातल्या बार्नीसारखं, म्हणजे टेडच्या मित्रासारखं बोलायचो. टेड पोरांना सोफ्यावर बसवून सांगतोय की मी तुमच्या आईला कसा भेटलो, आणि आई काही येईचना. पिवळी छत्री दिसते, पायाचा घोटा दिसतो, ती मात्र दिसत नाही. आठव्या सीझनच्या अगदी शेवटी ती पहिल्यांदा दिसली, स्टेशनवर तिकीट काढताना, तेव्हा आमच्या रूममधनं एवढी मोठी किंकाळी गेली की रेक्टर मॅडम वर आल्या.

शेवटचा एपिसोड अमेरिकेत 31 मार्च 2014 ला लागला म्हणजे आपल्याकडे 1 एप्रिलची सकाळ. दुपारी पेनड्राईव्ह आला. आम्ही सबमिशन सोडून बसलो. आणि दादा, मी शप्पथ सांगते, बघून झाल्यावर आमच्यातली एकजण म्हणली की हे एप्रिल फूल केलंय कुणीतरी, खरा एपिसोड वेगळा असणार. आम्ही तासभर शोधत बसलो ओ खरा एपिसोड. नव्हता. आई मेली होती, बार्नी आणि रॉबिनचा (ती टेडची जुनी मैत्रीण, जिच्यावर तो पहिल्या एपिसोडपासून मरायचा) डिव्होर्स झाला होता आणि टेड म्हातारा होऊन परत रॉबिनच्या खिडकीखाली निळा हॉर्न घेऊन उभा. रात्री कुणी जेवलं नाही. हसू नका.

आता खरा प्रश्न. माझं लग्न झालंय, नवरा एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, दिवसभर गाडीवर असतो, रात्री जेवण झाल्यावर दोन एपिसोड हा त्याचा विरंगुळा. त्यानं ही सिरीज कधी बघितली नव्हती. मीच लावली, आणि मीच फसले. सध्या आठवा सीझन संपत आलाय. सासूबाईपण शेजारी बसून शेंगा फोडत बघतात, त्यांना इंग्रजी कळत नाही पण रोज विचारतात, "सापडली का ओ त्याला ती आई?" नवरा म्हणतो, आता पुढच्या सीझनला नक्की. मी आत जाऊन भांडी आवरते. सांगू का त्यांना शेवट? की टीव्ही बिघडला म्हणू? आणि इतकी वर्षं झाली, मैत्रिणी हसतात मला, पण माझा राग जाईना, तो का जाईना तेवढं तरी सांगा.
— एक रडकी वाचक, जुळे सोलापूर

ताई, रडकी कशाला म्हणताय स्वतःला. तुमच्यासारखी बरीच माणसं त्या दिवशी उपाशी झोपली असणार, तो एपिसोड अमेरिकेत जवळपास 1 कोटी 30 लाख लोकांनी बघितला होता आणि दुसऱ्या दिवशी निम्मी जनता लेखकांना शिव्या घालत होती. मी पण त्यातलाच. मी तो उशिरा बघितला, मुलाच्या नादानं, आणि बघून झाल्यावर मुलाला म्हणलं, अरे हे कसं काय, तर तो म्हणाला बाबा मी तुम्हाला आधीच म्हणलं होतं आठव्यावर थांबा.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. लोक म्हणतात कॉमेडीत आईला मारलं म्हणून तुम्ही चिडलात. मला ते पटत नाही. याच मालिकेत सहाव्या सीझनला टेडचा मित्र मार्शल, त्याचे वडील जातात, आठवतंय का? त्या एपिसोडमध्ये पहिल्यापासून कुठं ना कुठं आकडा दिसत राहतो, पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, कधी बाटलीवर, कधी भिंतीवर, आपण गंमत म्हणून मोजत बसतो, आणि एकावर येतो तेव्हा मार्शलची बायको लिली टॅक्सीतनं उतरून ती बातमी सांगते. आपल्यालाच मोजायला लावलं त्यांनी. त्यावर कोण चिडलं? कुणी नाही. रडले सगळे. म्हणजे मरण कसं दाखवायचं हे या लेखकांना पक्कं माहीत होतं, विनोदी मालिकेत ते बसवायचं कसब पण होतं.

मग ट्रेसीच्या, म्हणजे त्या आईच्या वेळी काय झालं? ती आजारी पडली हे टेडचा आवाज जाता जाता सांगतो, हॉस्पिटलातलं एक छोटंसं दृश्य, बस्स. आपण लगेच रेल्वेच्या फलाटावर. मार्शलच्या वडिलांच्या मरणाला अख्खा एपिसोड आणि जिच्या नावानं 208 एपिसोड काढले तिला अर्धा मिनिटसुद्धा नाही. तुमचा राग इथला आहे. हे दुःख मालिकेनं स्वतः केलं नाही, तुमच्या अंगावर टाकून ती पुढं गेली. सुतक तुम्ही चौघींनी पाळलंत त्या रूममध्ये.

असं का केलं याचं कारण तुम्हाला बहुतेक माहीत असेल पण बाकी वाचकांसाठी सांगतो. सोफ्यावर बसलेली ती दोन मुलं मालिका सुरू झाली तेव्हा, 2005 ला, शाळकरी वयाची होती. गोष्ट 2030 सालची, एका बैठकीत सांगितलेली. आता मालिका चालली तर मुलं मोठी होणार, मुलाला मिशी येणार, मग शेवटी त्यांची तोंडं कशी दाखवायची? म्हणून दोघा निर्मात्यांनी, कार्टर बेज आणि क्रेग थॉमस, दुसऱ्या सीझनच्या सुमारासच शेवटचा सीन शूट करून ठेवला, त्या मुलांकडून गुप्ततेचं वचन घेतलं, आणि टेप कुलपात. त्या सीनमध्ये मुलगी बापाला म्हणते की ही गोष्ट आईची नाहीच, तू रॉबिन आंटीच्या प्रेमात आहेस, जा, विचार तिला. डोकं चाललं होतं त्यांचं, हे मान्य करायला पाहिजे. एवढं लांबचं गणित टीव्हीवर कोण मांडतं?

पण बघा, माझे वडील इथंच पूर्व भागात यंत्रमागावर होते. आपल्या चादरीची नक्षी जकार्डवर येते, पुठ्ठ्याची कार्डं असतात, भोकं पाडलेली, माळेसारखी ओवलेली, त्या भोकांच्या हिशोबानं ताण्याचे धागे वर-खाली होतात आणि मोर उमटायचा तर मोर, नाव उमटायचं तर नाव. एकदा कुणाच्या तरी लग्नात आहेराला द्यायला म्हणून चादरींची ऑर्डर आली, कोपऱ्यात नवरा-नवरीची नावं विणून पाहिजेत म्हणे. कार्डं पाडून झाली. आणि लग्न मोडलं. नुसतं मोडलं नाही तर त्याच मांडवात, त्याच तारखेला मुलाचं दुसऱ्या मुलीशी लागलं. कारखान्यात निरोप यायच्या आत निम्मा लॉट उतरला होता, उरलेला पण मालकानं तसाच विणून घेतला, म्हणाला कार्डं पाडलीत, पैसा गेलाय, आता काय थांबायचं. मग त्या चादरी कामगारांत वाटल्या. आमच्या घरी एक होती, कितीतरी वर्षं. ऊब उत्तम. पण पाहुणे आले की आई नावाचा कोपरा पायाकडं घालायची.

टेडची गोष्ट हीच आहे ओ. 2006 च्या आसपास कार्डं पाडली तेव्हा त्यात टेड आणि रॉबिनचं नाव होतं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पहिल्याच एपिसोडला तो तिच्यासाठी हॉटेलातनं निळा फ्रेंच हॉर्न चोरतो, आणि शेवटी आपल्याला कळतं की ही आई नव्हे, ही तर रॉबिन आंटी. पहिल्या सीझनलाच मालिका बंद पडली असती तर ती केकवाली व्हिक्टोरिया हीच आई असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, म्हणजे आई कोण याला तेव्हा फार किंमतच नव्हती, ती एक रिकामी जागा होती. दोन-तीन सीझननंतर हा शेवट आला असता तर तुम्ही म्हणला असता, वा, काय फिरवलंय!

पण मालिका चालली. नऊ वर्षं चालली. दरम्यान रॉबिन आणि बार्नीचं जमलं, आणि ते लेखकांनीच एवढं प्रेमानं जमवलं की लोकांना ते टेडपेक्षा बरं वाटायला लागलं. टेड तिला विसरायला शिकला, तेपण त्यांनीच दाखवलं, एकदा नव्हे, चार-पाच वेळा, नवव्या सीझनला तर ती हातातनं सुटून फुग्यासारखी आभाळात उडून जाते असं अक्षरशः दाखवलंय, जरा अतीच झालं होतं ते पण मुद्दा कळला. आणि मग ती रिकामी जागा भरली. आईच्या भूमिकेत क्रिस्टिन मिलिओटी आली. नवव्या सीझनच्या सोळाव्या एपिसोडला, म्हणजे मालिकेच्या दोनशेव्याला, सगळी गोष्ट तिच्या बाजूनं सांगितली, आणि बाल्कनीत बसून युकुलेले वाजवत गाणारी ती बाई बघून अख्ख्या जगानं ठरवून टाकलं की हीच. इतकी वर्षं थांबलो ते वाया गेलं नाही. आणि असं वाटून दहा एपिसोड होत नाहीत तोवर कुलपातली टेप बाहेर आली आणि मागावर जुनी कार्डं चढली.

बार्नी-रॉबिनचं तर बोलूच नका. नववा सीझन 24 एपिसोडचा, त्यातले 22 एका लग्नाच्या शनिवार-रविवारात. आपल्याकडं देवक, हळद, सीमांतपूजन, वरात सगळं धरलं तरी एवढं लांबत नाही. आणि पुढच्याच एपिसोडला तीन वर्षांनी आमचा डिव्होर्स झाला म्हणून सांगतात, ते पण एका मध्यंतराच्या अंतरात. अहो मांडवाचे बांबू तरी परत जाऊ द्यायचे!

आता त्यांच्या बाजूनं बोलतो, कारण नाहीतर अन्याय होईल. शेवटाची चाहूल त्यांनी दिली होती. आठव्या सीझनला टेड मनातल्या मनात त्या आईच्या दारात जाऊन तिला सांगतो, की तुला भेटायला अजून 45 दिवस आहेत, मला ते 45 दिवसपण आत्ता पाहिजेत. पहिल्यांदा बघताना वाटतं किती रोमँटिक. शेवट माहीत असला की कळतं की तो ते दिवस का मागतोय. नवव्याच्या एकोणिसाव्या एपिसोडला लेकीच्या लग्नाला कुठली आई येणार नाही, असं ट्रेसी म्हणते आणि टेडचा चेहरा बदलतो. म्हणजे त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. धागे होते. फक्त धागे आईच्या मरणाचे विणले आणि शेवटी नाव उमटलं रॉबिनचं.

राग का जात नाही विचारलंत. मला वाटतं तुम्हाला मालिका वाईट वाटली असती तर तो केव्हाच गेला असता. ती चांगली होती, आणि तुमचं बरोबर होतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिनं तुम्हालाच सांगितलं की तुम्ही चुकीच्या माणसाची वाट बघत होता. आठ वर्षं ज्यानं पाहुण्याची वाट बघायला लावली त्यानंच दारात येऊन म्हणावं, तुम्ही कशाला बसलात थांबून? पाहुणा महत्त्वाचा नव्हताच.

बरं, नवऱ्याचं. टीव्ही बिघडला म्हणू नका, एमआर माणूस आहे, दिवसभर डॉक्टरांच्या थापा ऐकतो, लगेच पकडेल. शेवट सांगूही नका. बघू द्या. एक करा. त्या मालिकेच्या पूर्ण डीव्हीडी संचात, 2014 च्याच सप्टेंबरला निघालेल्या, एक दुसरा शेवट आहे, शेवटच्या एपिसोडचा शेवट वेगळा जोडलेला. त्यात ट्रेसी मरत नाही. फलाटावर पाऊस, पिवळी छत्री, छत्रीवरची टी. एम. ही अक्षरं जी दोघांच्याही नावाची, त्यावरनं गप्पा, गाडी येते, आणि टेड म्हणतो की पोरांनो, असा मी तुमच्या आईला भेटलो. संपलं. तुम्ही चौघी 1 एप्रिलला जो एपिसोड तासभर शोधत होता ना, तो खरंच होता ओ, फक्त बाहेर यायला पाच-सहा महिने लागले. खरा शेवट आधी दाखवा, नवऱ्याला एक रात्र चिडू द्या, तुम्ही पण चिडून घ्या, इतक्या वर्षांनी सोबत मिळतीय, आणि दुसऱ्या रात्री हा लावा.

सासूबाईंना मात्र दुसराच दाखवा. त्यांनी विचारलं होतं सापडली का. सापडली म्हणून सांगा.

दादा, तुम्ही सारखं शेवट बिघडला म्हणता, मग विनोदी मालिकेचा चांगला शेवट असतो तरी का? एक नाव सांगा.
— एक वाचक, बार्शी

एक कशाला. 'फ्रेंड्स' घ्या, 6 मे 2004. सहा जण, रिकामं घर, प्रत्येकजण आपली किल्ली काढून ओट्यावर ठेवतो, आणि मग कॉफी प्यायला जाऊ म्हणतात. एवढंच. भाड्याचं घर सोडलेल्या कुठल्याही माणसाला ते कळतं, त्याला न्यूयॉर्कला राहायला लागत नाही. मी नवी पेठेतली खोली सोडली तेव्हा मालकिणीच्या हातात किल्ली देताना मला तोच सीन आठवला होता, फक्त मालकिणीनं डिपॉझिटमधनं रंगाचे पैसे कापले, ते फ्रेंड्समध्ये नाही.

जरा जुनं म्हणाल तर 'मॅश'. कोरियातल्या युद्धातलं लष्करी हॉस्पिटल, आणि विनोदी मालिका. युद्ध चाललं तीन वर्षं आणि मालिका अकरा. शेवट 28 फेब्रुवारी 1983 ला, अडीच तासांचा, आणि अमेरिकेत दहा कोटींवर लोक टीव्हीसमोर. हेलिकॉप्टर वर जातं आणि मित्रानं खाली दगड मांडून 'गुडबाय' लिहिलेलं दिसतं, कारण तो ते तोंडानं म्हणायला तयार नसतो. तिथं शेवट आधीपासून ठरलेलाच होता की, युद्ध थांबणार आणि सगळे घरी जाणार, त्यात कुणाला फसवायची सोयच नव्हती.

आणि ज्यावर लोक तुटून पडले असा एक, 'साइनफेल्ड', 14 मे 1998. चौघांना दुसऱ्याच्या मदतीला गेले नाहीत म्हणून तुरुंगात टाकलं. साडेसात कोटींवर लोकांनी बघितलं आणि बरेच जण चरफडत झोपले. मला तो बघितल्या बघितल्या आवडला नव्हता, आता आवडतो. चौघं पहिल्यापासून स्वार्थीच होते, कोठडीत बसून पण शर्टाच्या बटणावर बोलतात, पहिल्या एपिसोडला बोलले होते तेच. निदान माणसं तीच ठेवली.

काय ओ दादा, आपल्या मराठीत काय कमी मालिका आहेत का, ज्या तुम्ही अमेरिकेतल्या टेडच्या नावानं गळा काढताय?
— विजापूर रोडवरून एक संतप्त वाचक

कमी नाहीत. पण आपल्याकडं शेवट बिघडायला आधी शेवट व्हावा लागतो. 'चला हवा येऊ द्या' 2014 ला सुरू झालं, 2024 ला थांबलं, लोक हळहळले, मी पण हळहळलो, आणि 2025 ला परत आलं. आता यावर मी शोकसंदेश लिहू की स्वागत करू? शिवाय ते प्रहसनांचं काम, त्यात गोष्ट नसते, म्हणून तिथं फसगत होत नाही, फार तर सवय मोडते. संध्याकाळी चहा मिळाला नाही तर डोकं दुखतं तसं. तुम्हाला कुठल्या मराठी मालिकेचा शेवट लागला असेल तर नावानिशी लिहा, शिव्यांसकट छापतो. बेतानं.

आदरणीय दादा, मी होटगी रोडला राहतो, वय 54, सरकारी नोकरी. माझी पत्नी जाऊन सात वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, तिनंच मला ही टेडची मालिका बघायला लावली, म्हणजे एकटा बसून बातम्या बघत राहू नये म्हणून. शेवटचा भाग ती दिवाळीत आली होती तेव्हा दोघांनी मिळून बघितला. ती लई चिडली. म्हणाली बाबा काहीतरीच शेवट केलाय, आईची गोष्ट म्हणून सांगितली आणि दुसरीकडंच गेला हा माणूस. मी काही बोललो नाही. पण मला तो शेवट आवडला होता. मला त्या मुलांनी बापाला जा म्हणलं ते फार आवडलं. आमच्या ऑफिसात एक बाई आहेत, त्यांचेही मिस्टर नाहीत, दुपारी आम्ही चहा बरोबर घेतो, पाच-सहा वर्षं झाली. मुलीशी बोलायचं आहे, पण त्या रात्रीपासनं धीर होत नाही. माझं चुकतंय का? ही मालिका परत एकदा तिच्याबरोबर बघितली तर बोलणं सोपं जाईल का?
— एक वाचक, होटगी रोड

साहेब, वरचं सगळं उत्तर लिहून झालं होतं, पान लावायला जाणार होतं, आणि तुमचं पत्र आलं. जुळे सोलापूरच्या ताईंना मी जे लिहिलं ते मी बदलत नाही, गोष्ट म्हणून तो शेवट चुकलाच. पण तुम्हाला तो आवडला यात काही चुकलेलं नाही, आणि लेखकांना जे म्हणायचं होतं ते निदान होटगी रोडला एका माणसापर्यंत नीट पोचलं हे वाचून मला माझ्या चादरीच्या गोष्टीचा थोडा संकोच वाटला.

एक मात्र सांगतो. तुम्ही स्वतःला टेडच्या जागी बघताय. मला तुम्ही ट्रेसीच्या जागी दिसता. दोनशेवा एपिसोड आठवा, तिचा मित्र मॅक्स तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला जातो, 2005 ला. ती आठ वर्षं कुणाला जवळ येऊ देत नाही, एकजण येतो तर त्याच्याशी पण मन लागत नाही, आणि मग एका रात्री आभाळाकडं बघून मॅक्सला विचारते, आता मी सोडू का तुला? आणि वारा येतो. दुसऱ्यांदा जीव लावण्याची खरी गोष्ट या मालिकेत ती आहे, आणि ती कुणालाच खटकली नाही, तुमच्या मुलीलाही खटकली नसणार. का, तर तिथं मॅक्सला जागा दिली होती. तो होता, तो गेला, त्याचं दुःख झालं, आणि मग ती उठली. टेडच्या वेळी ट्रेसीला ती जागा मिळाली नाही म्हणून तुमची लेक चिडली. ती आईच्या बाजूनं चिडली. तुमच्याविरुद्ध नव्हे.

तेव्हा बोलताना आधी तिच्या आईचं बोला. सात वर्षांत दोघांनी मिळून किती बोललात तिच्याबद्दल? पत्रात एक ओळ आहे फक्त.

पण मालिका परत लावू नका, पाया पडतो. टेडनं एक प्रश्न विचारायला पोरांना 208 एपिसोड बसवून ठेवलं, आणि पोरांनी तो दोन मिनिटांत निकालात काढला. तुम्ही सरळ विचारा. लेक सुट्टीला येईल, रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं उतरेल, स्टेशनवर घ्यायला स्कूटर घेऊन जा. ती मागं बसलेली असते, तोंडाकडं बघावं लागत नाही, आणि रस्ता संपला की बोलणं आपोआप थांबतं. सात रस्त्याच्या पुढं गेलात की सुरू करा.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या बाईंना तुम्ही विचारलंय का ओ आधी? पत्रात चहाचं लिहिलंय, तेवढंच लिहायचं राहिलंय.